सही पेनाची, की छापलेली?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

‘साईन्ड लिमिटेड फर्स्ट एडिशन’ हे आपण एका दमात वाचतो, पण हे तीन वेगळे दावे आहेत. मी एका निबंधसंग्रहावर दोन महिन्यांचे साठवलेले पैसे घातले आणि सही निघाली छापलेली! विक्रेत्याचं म्हणणं, सही आहे ना? आता काय बोलणार!

व्हर्जिनिया वूल्फचं उदाहरण घेऊ. ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हा तिचा मोठा निबंध 1929 च्या ऑक्टोबरमध्ये आला. न्यूयॉर्कच्या फाउंटन प्रेसने आणि तिच्या घरच्याच, लंडनच्या होगार्थ प्रेसने मिळून 492 प्रती काढल्या, प्रत्येकीवर तिची सही. काही दिवसांतच साधी आवृत्ती बाजारात आली. तीही ‘पहिली’च म्हणवते! म्हणजे नुसतं ‘फर्स्ट’ लिहिलंय म्हणून सही असेलच असं नाही.

निबंधात आणखी एक घोळ असतो. निबंध बहुतेकदा आधी मासिकात येतो. तिचा ‘ऑन बीइंग इल’ जानेवारी 1926 मध्ये ‘द न्यू क्रायटेरियन’मध्ये छापून आला होता. पुस्तक झालं 1930 मध्ये: 250 क्रमांकित प्रती, सहीसकट. त्याचे खिळे वूल्फने स्वतः जुळवले होते. (मला विचाराल तर सहीपेक्षा हे भारी आहे.) तेव्हा ‘पहिली’ म्हणजे पुस्तकरूपात पहिली, एवढाच अर्थ घ्यायचा.

‘लिमिटेड’चा पुरावा पुस्तकातच असतो. सुरुवातीला किंवा शेवटी एका पानावर एकूण प्रती किती, आणि बहुधा तुमच्या प्रतीचा नंबरही. पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याकडून त्या पानाचा फोटो मागवा. टाळाटाळ केली, तर सोडून द्या.

सही बघायची तर फोनचा मॅक्रो कॅमेरा पुरतो. पेनाची शाई कुठे दाट, कुठे फिकी दिसते. रेघ रेघेवरून जाते तिथे गडद होते. छापलेली सही सगळीकडे सारखी दिसते, कधी कधी बारीक ठिपकेही दिसतात.

आपल्याकडे क्रमांकित प्रतींची फारशी पद्धत नाही. पण रद्दीच्या दुकानात ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं, लेखकाच्या सहीचं पुस्तक हाताला लागू शकतं. मग शीर्षकपानाच्या मागे ‘पहिली आवृत्ती’ आणि साल आहे का, तेवढं बघून घ्या.