आठवणीतला स्पायडरमॅन आणि पडद्यावरचा

आजचा विषय ऐकून काही जण गालात हसले असतील. कार्टूनवर कसलं व्याख्यान? पण ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात जुन्नर-आंबेगावकडे गेलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना दूरदर्शनवरचा 'स्पायडरमॅन' आठवत असेल. ते भाग आज मोबाइलवर सहज सापडतात. आपण हौसेनं लावतो, शेजारी मुलाला बसवतो आणि पाच मिनिटांत खट्टू होतो. "एवढंच होतं हे?" मुलगा हसतो ते वेगळंच.

तर प्रश्न दोन आहेत. आठवणीतल्या आणि पडद्यावरच्या स्पायडरमॅनमध्ये एवढं अंतर का पडतं? आणि ते अंतर कळल्यावर मालिकेत काही शिल्लक उरतं का?

आधी माहिती घेऊ. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन कॉमिकमध्ये आणला तो १९६२ साली. त्यावरची ही कार्टून मालिका अमेरिकेत १९६७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि १९७० पर्यंत तिचे ५२ भाग झाले. म्हणजे आपण ती पाहिली, तेव्हाच ती पंधरा-वीस वर्षं जुनी होती. पहिल्या वर्षानंतर ती बनवणारी ग्रँट्रे-लॉरेन्स ही कंपनी बुडाली. पुढचं काम राल्फ बाक्षी यांच्या हाताखाली झालं, तेही काटकसरीतच.

काटकसर कशी करतात, ते बघा. सिनेमाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक हालचाल नीट काढायची तर हजारो चित्रं हातानं काढावी लागतात. पैसे नसले की मग युक्त्या सुरू होतात. बोलताना नुसते ओठ हलवायचे, बाकी चेहरा तसाच. स्पायडरमॅनच्या पोशाखावर खरं तर छातीवरही जाळी असते. इथं ती मुखवटा, हातमोजे आणि बुटांपुरतीच ठेवली, कारण प्रत्येक चित्रात तेवढ्या रेघा काढायला माणसं लागतात. आणि इमारतींमधून झोके घेत जाण्याची तीच ती दृश्यं प्रत्येक भागात पुन्हा वापरायची. तो धागा वर कशाला चिकटलाय, हे विचारायचं नाही! उंच इमारतीच्याही वर, थेट आभाळाला चिकटलेला असतो.

ही झाली बनवणाऱ्यांची टंचाई. आता आपल्या बाजूची बघू.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रातून ते पुणे परिसरात दिसू लागलं. पण टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. आपल्याकडे डोंगरांना काय तोटा? गावाच्या जागेप्रमाणे चित्र कुठं बरं दिसायचं, कुठं नुसत्या मुंग्या. कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवणार, खालून आवाज येणार, "आलं, आलं... गेलं!" गंमत म्हणजे आपल्याच तालुक्यात खोडदला पुढं जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्यासाठी जागा निवडताना माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट कमी आहे, हेही पाहिलं होतं. आपली तक्रार ती त्यांची सोय!

बरं, सेट बहुतेक कृष्णधवल. बाक्षी यांच्या भागांमधलं हिरवं-जांभळं आकाश आज बघताना चकित करतं, ते आपल्यापैकी अनेकांना तेव्हा नुसतं करडं दिसलं. त्यात भाषा इंग्रजी. गाण्याचे शब्द कळत नव्हते, चाल मात्र पाठ होती. म्हणजे चित्र अर्धं, रंग नाही, भाषा कळत नाही. उरलेलं सगळं कुणी भरलं? आपण भरलं. रंगही आपला, संवादही आपले. आठवणीत जो स्पायडरमॅन आहे, तो अर्धा त्यांनी काढलेला आणि अर्धा आपण.

ही गोष्ट नारायणगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. तमाशाची पंढरी ती. वगामध्ये राजा रंगमंचावर एक चक्कर मारतो आणि म्हणतो, आलो आपण दुसऱ्या नगरीत. प्रेक्षकातला कुणी उठून म्हणत नाही, "अहो, तुम्ही इथंच तर आहात." त्या चक्करेचा अर्थ प्रवास, हे आधीच ठरलेलं असतं. स्पायडरमॅनचे तेच तेच झोके म्हणजे तीच चक्कर. ते सुरू झाले की मुलांना कळायचं, आता हा निघाला, आता मजा येणार.

पण इथं एक फरक करायला हवा, नाहीतर आपण आठवणीच्या प्रेमात सगळंच माफ करून टाकू. चक्कर पुन्हा मारणं वेगळं आणि जुना वग नाव बदलून पुन्हा उभा करणं वेगळं. शेवटच्या वर्षी या मंडळींनी 'रॉकेट रॉबिन हूड' नावाच्या दुसऱ्याच मालिकेतली लांबच लांब दृश्यं उचलली आणि मधे स्पायडरमॅन बसवला. त्याला संकेत म्हणता येणार नाही, ती निव्वळ ढकलगाडी होती. हे भाग आज बघवत नाहीत, आणि तसं म्हणायला हरकत नाही.

मग शिल्लक काय उरतं? माझ्या मते, पीटर पार्कर. लहानपणी आपण मुखवटेवाला बघितला. मोठेपणी बघताना मुखवट्याखालचा पोरगा दिसतो. तो वर्तमानपत्राला फोटो विकतो, तेही स्वतःचेच, स्पायडरमॅनचे. संपादक जेमसन ते विकत घेतो आणि त्याच फोटोंवर स्पायडरमॅनला गुंड ठरवणारे मथळे छापतो. शहर वाचवायचं, वर शिव्या खायच्या आणि त्या शिव्यांच्या शेजारी छापायला आपणच फोटो द्यायचा, कारण पैशाची गरज आहे. हा नायक राजवाड्यात राहत नाही. एकदा त्यानं "मला काय त्याचं" म्हणून चोराला जाऊ दिलं, त्याच चोरानं त्याच्या काकांचा जीव घेतला. त्यानंतर तो बिनपगारी राबतोय.

आपल्या भागातली किती तरी माणसं मुंबईत डबे पोचवायला गेली, गोदीत, बाजारात राबली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, गावाकडे पैसे मात्र येत राहिले. जबाबदारी घेतली की तिचं कौतुक होईलच असं नाही, हे त्या घरांतल्या मुलांना शब्दांशिवाय माहीत होतं. इंग्रजी न कळताही हा नायक आपला का वाटला, याचं एक कारण मला इथं दिसतं. टंचाईत बनलेली, टंचाईत पाहिलेली आणि टंचाईतल्याच पोराची ही गोष्ट आहे.

आता मुलांचं. "आमच्या वेळचं ते खरं" असं त्यांना ऐकवू नका. त्यांच्या डोळ्यांना ते चित्र गरीब दिसतं आणि ते गरीबच आहे. त्यांना हसू द्या. तोच झोका एका भागात किती वेळा आला, ते मोजायला सांगा. अॅनिमेशन कसं बनतं, हे त्यातून आपोआप शिकतील. मग एकच प्रश्न विचारा: सगळे नावं ठेवतात तरी हा रोज का निघतो? उत्तर घाईनं देऊ नका. आपल्यालाही ते सापडायला बरीच वर्षं लागली आहेत.