पॅनोरमा फिल्मवरील ठेवा भिंतीवर येताना

अनेक व्यापारी घराण्यांच्या तिजोरीत जुन्या वह्या आणि खरेदीखते यांच्याबरोबर एखादे पिवळसर पाकीट आढळते. त्यात हातभर नसली तरी वीतभर लांबीची एखादी निगेटिव्ह असते. पेढीच्या उद्घाटनाला जमलेला गोतावळा, संघयात्रेचा मुक्काम, शत्रुंजयावरील शिखरांची रांग किंवा श्रवणबेळगोळच्या १९८१ अथवा १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला लोटलेला समुदाय एका चौकटीत यावा, म्हणून कोणीतरी हौसेने पॅनोरमा कॅमेरा वापरलेला असतो. आज नव्या दुकानाच्या किंवा वास्तूच्या भिंतीवर तेच दृश्य सहा-सात फूट लांबीचे लावावे, अशी इच्छा घरातील तरुण पिढीला होते. ही इच्छा योग्य आहे. मात्र ती घाईने पुरी केली, तर खर्च होतो आणि ठेवाही बिघडतो.

पॅनोरमा फिल्मचे प्रकार अनेक आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत निघालेला सर्कट कॅमेरा स्वतःभोवती फिरे आणि त्याच वेळी आतील फिल्म सरकत जाई. मोठ्या समूहाचे छायाचित्र घेताना लोकांना अर्धवर्तुळात बसवीत, म्हणजे चित्रात रांग सरळ दिसे. जपानच्या वायडलक्समध्ये कॅमेरा स्थिर राही आणि केवळ भिंग फिरे. लिनहॉफ आणि फुजी यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ५६ बाय १६८ मिलिमीटरची चौकट एकाच वेळी टिपली जाई, तर १९९८ मध्ये आलेल्या हॅसलब्लॅड एक्सपॅनची चौकट २४ बाय ६५ मिलिमीटर होती. आपल्याकडील फिल्म कोणत्या मापाची आहे, हे साध्या पट्टीने मोजणे ही पहिली पायरी होय. पुढील सारा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

हा हिशेब व्यापाऱ्याला अवघड नाही. फिल्मची लांबी इंचांत घ्यावी आणि स्कॅनरच्या दर इंची बिंदुसंख्येने गुणावे. १६८ मिलिमीटर म्हणजे सुमारे ६.६ इंच. दर इंचास ४,००० बिंदूंनी स्कॅन केल्यास लांबीत सुमारे २६,४०० आणि उंचीत सुमारे ८,८०० पिक्सेल मिळतात. छपाईत दर इंचास ३०० पिक्सेल ठेवले, तर चित्र ८८ इंच, म्हणजे सात फुटांहून थोडे अधिक लांब आणि सुमारे २९ इंच उंच होते. २०० पिक्सेल ठेवले, तर लांबी ११ फुटांवर जाते. एक्सपॅनच्या लहान चौकटीतून मात्र ३०० च्या प्रमाणात सुमारे ३४ इंचांचेच चित्र निघते. मोठ्या भिंतीसाठी लहान फिल्म आणि मोठी फिल्म यांतील हा फरक आधीच समजून घेतलेला बरा.

३०० हा आकडा हातात धरून पाहण्याच्या अंतराशी निगडित आहे. सुमारे एक फुटावरून डोळ्याला जेवढे बारकावे वेगळे दिसतात, त्याचे ते माप आहे. एक मीटरवरून पाहिल्यास दर इंचास शंभरच्या आसपास पिक्सेलही पुरतात. परंतु समूहचित्राचा स्वभाव निराळा आहे. पाहणारा जवळ जातो आणि आजोबांचा चेहरा शोधतो. म्हणून अशा चित्रासाठी २०० च्या खाली उतरू नये.

स्कॅनरच्या जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. ६,४०० बिंदूंचा दावा करणारे सपाट काचेचे स्कॅनर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी बारकावा देतात. उरलेले केवळ फुगवलेले पिक्सेल असतात. चार फुटांच्या चित्रासाठी असे यंत्र चालू शकते. त्यापुढे ड्रम स्कॅनर, फ्लेक्सटाइट किंवा मॅक्रो भिंग लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने भागाभागांत टिपून जोडणे, हे मार्ग आहेत. वाकलेली फिल्म सपाट न धरल्यास कडा धूसर येतात, हेही ध्यानात ठेवावे. स्कॅनची मूळ फाइल १६ बिटच्या टिफ स्वरूपात मागावी. वरील उदाहरणात ती सुमारे १.४ जीबीची होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीवरून फ्लेक्सच्या दुकानात मोठे चित्र काढणे म्हणजे मुद्दल सोडून पावतीवर समाधान मानणे होय.

छपाई पिगमेंट शाईच्या रुंद इंकजेट यंत्रावर करावी. ४४ इंची रोल सर्वत्र प्रचलित आहे. पूर्ण चित्राची आज्ञा देण्यापूर्वी त्याच मापातील सहा इंचांची एक पट्टी छापून घ्यावी आणि जेथे चित्र लागणार, त्याच भिंतीवर, त्याच उजेडात पाहावी. थेट ऊन आणि पावसाळी ओल धरणारी भिंत टाळावी. सात फुटांची काच जड होते, म्हणून तेथे अ‍ॅक्रिलिक सोयीचे ठरते.

जैन कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. फिल्मवरील आणि पारंपरिक फोटो कागदावरील थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. जुनी फिल्म तर झालेलीच आहे. परंतु नव्या छपाईचा कागद निवडताना त्यात प्राणिजन्य घटक आहेत काय, हे उत्पादकाकडून लेखी विचारून घेता येते.

विलंब मात्र परवडणारा नाही. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णता आणि दमटपणा यांमुळे आंबू लागते. व्हिनेगरसारखा वास आला, तर ऱ्हास सुरू झाला असे समजावे. तो मागे फिरत नाही आणि शेजारच्या फिल्मलाही बाधतो. अशी फिल्म त्वरित वेगळी करून स्कॅन करावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही फिल्म नायट्रेटच्या, अत्यंत ज्वालाग्राही असतात. त्या जाणकाराला दाखविल्याविना हाताळू नयेत.

धूळ आणि ओरखडे संगणकावर काढण्यास हरकत नाही. परंतु नकोसा झालेला भागीदार किंवा दुरावलेला भाऊ चित्रातून पुसण्याचा मोह आवरावा. वहीतील जुनी नोंद खाडाखोड करून बदलत नाहीत, तसेच हे आहे. सत्यव्रताला तेच शोभते.

वाटणीत निगेटिव्ह एकाच घरी जाते. फाइल मात्र प्रत्येक शाखेला तशीच्या तशी देता येते. तिच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. तिच्यासोबत नावांची यादीही असावी. छापण्यापूर्वी चित्राची एक साधी प्रत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ठेवावी आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव लिहून घ्यावे. फिल्म थंड, कोरड्या जागी आणखी काही वर्षे टिकेल. ती नावे सांगणारी माणसे मात्र तेवढी थांबतीलच असे नाही.