मॅडम, तुमचा धडा आरे-वारेत उघडतो का?

गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या घाटात गाड्या थांबतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. खाली दोन किनारे, मध्ये डोंगर, काठाला सुरूचं बन. पाहुणे फोटो काढतात. त्यांच्याच शेजारी एखादी मुलगी मोबाईल उंच धरून उभी असते. ती फोटो काढत नसते. घरात रेंज नाही, म्हणून ती कॉलेजचा स्वाध्याय पाठवत असते.

आजचं बोलणं तिच्याबद्दल आहे, पण त्याहून जास्त तिच्या सरांबद्दल आणि मॅडमबद्दल आहे. आम्ही चौघी कॉलेजातल्या प्राध्यापकांना ‘एलएमएस’ वापरायला मदत करतो. दोघी संगणक विभागात, एक ग्रंथालयात, आणि चौथी आरेची सून, ती स्वतः शिकवते.

एलएमएस म्हणजे काय, ते आधी सांगतो. कॉलेजचं इंटरनेटवरचं एक मोठं कपाट समजा. प्रत्येक विषयाला त्यात एक खण. खणात सर टिपणं ठेवतात, स्वाध्याय देतात, चाचणी घेतात, गुण लिहितात. शंका विचारायलाही जागा असते. मुलीला नाव आणि पासवर्ड दिला की तिच्या विषयांचे खण तिच्यासाठी उघडतात. व्हॉट्सॲपवर आलेली टिपणं शुभेच्छांच्या ढिगात हरवतात, तशी इथे हरवत नाहीत.

अशा कपाटांपैकी जगभर चालणारं एक म्हणजे मूडल. ते फुकट मिळतं आणि कोणतंही कॉलेज आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेऊ शकतं. ते तयार केलं मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसाने, आणि त्याची गोष्ट रेडिओवर सांगण्यासारखीच आहे. लहानपणी तो वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत राहत होता. तिथे शाळा घरात यायची ती रेडिओवरून. ऑस्ट्रेलियात 1951 साली अशी ‘हवेतली शाळा’ सुरू झाली. बाई शेकडो मैलांवरून बोलायच्या, पोरं आपापल्या घरातून उत्तर द्यायची. मोठेपणी हाच माणूस पर्थच्या कर्टिन विद्यापीठात प्राध्यापकांना एका विकतच्या एलएमएसची मदत करायचा. म्हणजे आमचंच काम! त्यात प्राध्यापकांच्या अडचणी पाहून कंटाळला आणि 2002 साली त्याने मूडल लोकांपुढे ठेवलं.

आपल्याकडे 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कपाट कोणाला येवो न येवो, सगळ्यांना एकदम उघडावं लागलं. त्यातच 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडला खांब आडवे झाले आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ‘ऑनलाईन शिकवा’ म्हणणं सोपं होतं.

तीस वर्षं फळ्यावर शिकवलेल्या माणसाला माउस हातात धरून चुकायचं असतं, तेही विद्यार्थ्यांदेखत. एक ज्येष्ठ सर आमच्याकडे आले, म्हणाले, “ताई, जरा दार लावून घ्या.” दार लावलं, तेव्हा त्यांनी विचारलं की फाईल नेमकी कुठे ठेवायची. त्या दिवशी आम्हाला कळलं की सभागृहात शंभर जणांना पडद्यावर दाखवून हे काम व्हायचं नाही. तेव्हापासून आम्ही एकेकाच्या शेजारी बसतो. आणि माउस त्यांच्याच हातात राहू देतो, कारण आम्ही करून दिलं की पुढच्या सोमवारी तेच पुन्हा विचारतात.

चुका मात्र सगळ्या त्यांच्याच असतात असं नाही. एक चूक आमच्या डोळ्यांसमोर झाली, ती सांगतो. एका मॅडमनी चाचणी ठेवली, सकाळी अकरा ते बारा. मुली साडेदहापासून घाटात जाऊन उभ्या. अकरा वाजले, चाचणी उघडेना. साडेअकरा, बारा, तरी नाही. मुली घरी गेल्या. मग कपाटाचं घड्याळ तपासलं. ते ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं होतं, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे! मॅडमनी लिहिलेले अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेचार. साडेचारला चाचणी उघडली, साडेपाचला मिटली, आणि आरे-वारेच्या मुलींच्या नावापुढे शून्य पडलं. मॅडमचा काय दोष? हे तपासणं आमचं काम होतं, आणि आम्ही ते केलं नव्हतं. चाचणी पुन्हा झाली, पण ती पंधरा दिवस भांडल्यावर. आता नवं सत्र सुरू झालं की आम्ही पहिल्यांदा घड्याळ पाहतो. यादीत ‘आशिया/कोलकाता’ असं असायला हवं.

मुदतीचा घोटाळा तुम्हाला लगेच कळेल, कारण तुम्ही गट चालवता. मूडलमध्ये स्वाध्यायाला दोन वेगळ्या तारखा देता येतात. एक हप्त्याच्या तारखेसारखी. ती उलटली तरी घेतात, फक्त ‘उशिरा’ अशी नोंद होते. दुसरी म्हणजे वही बंद करण्याची तारीख. त्यानंतर काहीही घेत नाहीत. बरेच प्राध्यापक दोन्ही तारखा एकच टाकतात, तीही रात्री बारा. रात्री बाराला आपल्याकडे कोणती मुलगी घाटात जाऊन उभी राहणार? आम्ही सांगतो, वही बंद करायची तारीख चार दिवस पुढची ठेवा आणि वेळ दिवसाची द्या.

आणखी एक फसगत. फाईल चढवली की मुलीला वाटतं, झालं. पण सरांनी तशी सोय ठेवली असेल, तर फाईल आधी ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्ची राहते. खालचं ‘सबमिट’चं बटण दाबलं तरच ती पक्की. कितीतरी मुलींचे स्वाध्याय असे कच्चेच पडून होते आणि सर म्हणत होते, पोरी काही करत नाहीत.

मराठीच्या प्राध्यापकांची तर वेगळीच तऱ्हा. वर्षानुवर्षं त्यांनी टिपणं जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. त्यांच्या संगणकावर सुंदर दिसतात, मुलीच्या मोबाईलवर उघडली की नुसती खडीसाखर सांडल्यासारखी चिन्हं. युनिकोडमध्ये टाईप केलं की कुठेही नीट दिसतं. जुनं टिपण बदलून घेता येतं, पण नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. एका मॅडमची बावीस वर्षांची टिपणं आम्ही अशी बदलली. दिवाळीची सुट्टी त्यात गेली, पण त्या मॅडम आता दुसऱ्यांना शिकवतात.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हती. आमच्या आरेच्या मैत्रिणीने दोन प्राध्यापकांना घरी जेवायला बोलावलं. कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, “सर, तुमचा कालचा धडा इथे बसून उघडून दाखवा बघू.” सरांनी मोबाईल काढला. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, गोल फिरत राहिला. सर ओटीवर गेले, मागच्या परड्यात गेले, शेवटी वारेच्या बाजूला चढावर जाऊन उभे राहिले. परत आले ते गप्पच. जेवताना म्हणाले, “सोमवारी मी याचे तुकडे करतो.”

त्यांनी तसे केलेही. आता त्यांच्या खणात प्रत्येक धड्याचं चार पानांचं टिपण असतं, त्याला कमी डेटा लागतो, आणि आठ-दहा मिनिटांचा नुसता आवाज. आवाजाची फाईल व्हिडिओपेक्षा पुष्कळ लहान असते. मूडलचं मोबाईल ॲप असेल तर मुलगी घाटात येऊन धडा उतरवून घेते आणि घरी बिनरेंजचा वाचते. प्राध्यापकांनी परवानगी ठेवली तर चाचणीसुद्धा बिनरेंजची सोडवता येते आणि नंतर रेंजमध्ये येऊन पाठवता येते. मात्र वेळेचं बंधन लावलेली चाचणी अशी देता येत नाही. हे प्राध्यापकांना ठाऊकच नसतं, म्हणून ते सवयीने तीस मिनिटांचं बंधन लावतात.

तुमच्या गटातल्या ज्यांच्या मुली, सुना कॉलेजात आहेत, किंवा ज्या स्वतः नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकताहेत, त्यांनी पालक सभेत नाहीतर अभ्यासकेंद्रावर काही गोष्टी विचाराव्यात. तुमचं एलएमएस ॲपमध्ये चालतं का? धडा उतरवून घेता येतो का? वही कधी बंद होते? वीज गेली म्हणून राहिलेल्या स्वाध्यायाचं काय करता? विचारताना आवाज चढवू नका. समोरच्या मॅडमलाही हे कोणी शेजारी बसून शिकवलेलं नसेल. त्यांना उत्तर आलं नाही तर म्हणा, “मॅडम, तुमच्याकडे एलएमएसचं काम कोण पाहतं, त्यांना आपण दोघी मिळून विचारू या.” आणि मुलीला सांगा, स्वाध्यायाच्या पानांचे फोटो तसेच पाठवू नकोस, स्कॅन करणाऱ्या ॲपने एकच लहान पीडीएफ कर. सबमिट झाल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेव.

मूडलमध्ये ‘विद्यार्थी म्हणून पाहा’ अशी एक सोय आहे. प्राध्यापकाने ती दाबली की त्याला आपला खण मुलीला दिसतो तसा दिसतो. आम्ही प्रत्येकाला शेवटी ते बटण दाबायला लावतो. परवा त्या दार लावून घ्या म्हणणाऱ्या सरांनी ते आमच्याआधीच दाबलं होतं. म्हणाले, “ताई, तिसऱ्या धड्याचं टिपण मुलांना दिसतच नाहीये. मीच झाकून ठेवलंय वाटतं.” आणि त्यांनीच ते उघडलं. या वेळी दार उघडं होतं.