झुरळाचं जवळचं नातं कोणाशी? गोमेशी की कोळंबीशी?

पावसाळा सुरू झाला की घरात बिनबोलावलेले पाहुणे वाढतात. मोरीत झुरळ, भिंतीवर पैसा, उंबऱ्यापाशी गोम आणि दिव्याभोवती पंखवाली वाळवी. बाजारात मुठे आणि कोळंबीही असतात. आता सांगा, यात झुरळाचा जवळचा नातेवाईक कोण? गोम की कोळंबी?

तुम्ही 'गोम' म्हणालात ना? विसाव्या शतकात बराच काळ शास्त्रज्ञांचंही तेच उत्तर होतं. आजचं उत्तर मात्र आहे, कोळंबी!

आधी काय मानत होते?

दहावीच्या विज्ञानात हे सगळे 'संधिपाद' प्राणीसंघात येतात. अंगावर कठीण आवरण आणि सांधे असलेले पाय, ही त्यांची ओळख. त्यात बदल झालेला नाही. बदललं आहे ते या मोठ्या कुटुंबातलं आतलं नातं.

1758 साली लिनियस यांनी खेकडा, कोळी, विंचू आणि गोम या सगळ्यांना 'कीटक'च मानलं होतं. पुढे त्यांचे गट वेगळे झाले. सहा पायांचे कीटक, आठ पायांचे कोळी-विंचू, पुष्कळ पायांचे गोम-पैसा आणि खेकडा-कोळंबी हे कवचधारी.

कीटक आणि गोम दोघांनाही मिशांची एकच जोडी असते आणि दोघेही शरीरातल्या बारीक नळ्यांमधून हवा घेतात. कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या आणि कल्ले असतात. म्हणून कीटक गोमेच्या शेजारी बसवले गेले.

डीएनएने काय सांगितलं?

1990 नंतर डीएनएची तुलना सुरू झाली आणि चित्र पालटलं. 2010 साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात 75 संधिपाद प्राण्यांची 62 जनुकं ताडून पाहिली गेली. कीटक ही कवचधारींच्याच घराण्यातून निघालेली शाखा आहे, असं त्यातून दिसलं. मग हवेच्या त्या नळ्यांचं काय? जमिनीवर आल्यावर गोमेच्या आणि कीटकांच्या पूर्वजांमध्ये त्या स्वतंत्रपणे तयार झाल्या, असं आता मानलं जातं.

कीटकांचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक बहुधा 'रेमिपीड' आहेत. समुद्राचं पाणी शिरलेल्या अंधाऱ्या गुहांमध्ये राहणारे हे जीव 1979 साली बहामा बेटांवर पहिल्यांदा जिवंत सापडले.

वाळवी मुंगी नाही

वाळवीला आपण 'पांढरी मुंगी' म्हणतो, पण मुंगीचे सख्खे आहेत मधमाशी आणि गांधीलमाशी. वाळवीचा पूर्वी स्वतंत्र गण होता. 2007 साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून दाखवलं की वाळवी म्हणजे वसाहत करून राहणारी झुरळंच! लाकूड खाणारी झुरळं आजही आहेत आणि तीच वाळवीची सगळ्यात जवळची भावंडं.

आपल्या घाटातले खेकडे

अशी फेरमांडणी आपल्याकडेही चालू आहे. 2014 साली समीर कुमार पती आणि आर. एम. शर्मा यांनी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांसाठी 'घाटियाना' ही नवी प्रजाती मांडली. 2016 मध्ये पती आणि तेजस ठाकरे यांच्यासह अभ्यासकांनी घाटातल्या खेकड्यांच्या आणखी पाच नव्या जातींची नोंद केली.

तुम्हाला काय फरक पडतो?

कोळंबी खाल्ल्यावर काहींच्या अंगावर गांध्या उठतात. त्यामागे बऱ्याचदा 'ट्रोपोमायोसिन' नावाचं प्रथिन असतं. जवळजवळ तसंच प्रथिन झुरळात, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि इतर कीटकांतही असतं, कारण ते सगळ्या संधिपादांना वारशाने मिळालं आहे. परदेशात कीटकांच्या पिठाची बिस्किटं आणि प्रोटीन पावडर मिळते. घरात कोणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल, तर अशा पाकिटावरची सूचना नीट वाचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नका.

आणि हो, आज जेवताना मुलांना हा प्रश्न नक्की विचारा. फक्त ताटात कोळंबी असेल, तर उत्तर जेवण झाल्यावरच सांगा!