बंद दाराबाहेर

घडून गेलेली गोष्ट जशीच्या तशी आपल्या ध्यानांत राहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एखादा प्रसंग कोठें घडला, कोण काय बोललें, तेव्हां दिवस होता कीं रात्र, हा सारा तपशील मनाच्या कोठींत जपून ठेवलेला असतो आणि हवा तेव्हां तो बाहेर काढतां येतो, असें प्रत्येकजण धरून चालतो. परंतु स्मृतीचा व्यवहार इतका सरळ नसतो. जें आठवलें असतां स्वतःचा दोष दिसेल, तें ती मागें सारते. आणि कित्येकदां एका दिवसाचें दुःख दुसऱ्याच दिवसाच्या खातीं मांडून ठेवते. अशा एका चुकीच्या नोंदींतून उभ्या आयुष्याचा पश्चात्ताप कसा बाहेर पडतो, हें काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या इंग्रजी कादंबरींतील पात्रांकडे पाहिलें म्हणजे उमगतें.

इशिगुरो यांचा जन्म १९५४ सालीं जपानांत नागासाकी येथें झाला आणि वयाच्या पांचव्या वर्षीं ते आईवडिलांबरोबर इंग्लंडांत आले. ही कादंबरी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं तिला बुकर पारितोषिक मिळालें, आणि पुढें २०१७ सालीं तिच्या कर्त्यास वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. १९९३ सालीं तिच्यावर जो बोलपट निघाला, त्याच्या निर्मात्यांपैकीं इस्माइल मर्चंट हे मूळचे मुंबईचे. त्यामुळें हें नांव आपल्याकडील रसिकांच्याहि कानांवर गेलेलें आहे.

कथेचा काळ १९५६ च्या जुलै महिन्याचा. स्टीव्हन्स हा डार्लिंग्टन हॉल नांवाच्या जुन्या उमरावी वाड्याचा बटलर. बटलर म्हणजे नुसता वाढपी नव्हे. तो वाड्यांतील चाकरमंडळींचा मुख्य आणि धन्याचा विश्वासू कारभारी. पस्तीस वर्षें त्यानें ज्यांची सेवा केली ते लॉर्ड डार्लिंग्टन आतां हयात नाहींत. वाडा फॅरडे नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें घेतला आहे. या नव्या धन्याची मोटार घेऊन स्टीव्हन्स प्रवासास निघतो. निमित्त असें कीं, वीस वर्षांपूर्वीं वाड्याची गृहव्यवस्था पाहणाऱ्या मिस केंटनचें पत्र आलें आहे. तिचा संसार सुखाचा नाहीं व तिला परत यावेंसें वाटतें, असा अर्थ तो त्या पत्रांतून काढतो. वाड्यांत माणसें अपुरीं पडतात म्हणून तिला आणावयाचें, एवढेंच कारण तो स्वतःला सांगतो. त्या कारणामागचें दुसरें कारण वाचकाला मात्र लवकरच दिसूं लागतें.

स्टीव्हन्सचें दैवत एकच, आणि तें म्हणजे आब. कसलाहि प्रसंग ओढवला तरी चाकरीचा मुखवटा ढळूं द्यावयाचा नाहीं, ही त्याची आबाची कल्पना. त्याचा बापहि बटलर होता, आणि तो एक गोष्ट नेहमीं सांगे. धन्याबरोबर हिंदुस्थानांत आलेल्या एका बटलरला जेवणाच्या मेजाखालीं वाघ दिसला. त्यानें पाहुण्यांना चाहूल लागूं न देतां धन्याच्या कानांत परवानगी मागितली, वाघाला गोळी घातली, आणि जेवण नेहमींच्या वेळींच होईल असें शांतपणें येऊन सांगितलें. हाच कित्ता मुलानें जन्मभर गिरविला. १९२३ सालीं वाड्यांत परदेशी मुत्सद्द्यांची परिषद भरली असतां वरच्या मजल्यावर त्याचा बाप मरण पावला. स्टीव्हन्स खालीं पाहुण्यांची सरबराई करीत राहिला. त्याचा चेहरा पाहून, तूं रडत आहेस काय, असें धन्यानेंच विचारलें. बापाचे डोळे मिटले ते मिस केंटननें. त्या रात्रीची आठवण स्टीव्हन्स पुढें सांगतो ती मात्र विजयाच्या अभिमानानें.

मिस केंटन नेमकी उलट स्वभावाची. मनांत येईल तें ती बोलते, रागावते, आणि चूक झाली तर कबूलहि करते. १९३० नंतरच्या काळांत लॉर्ड डार्लिंग्टन यांनीं कांहीं नवीन स्नेह्यांच्या नादीं लागून दोन मोलकरणींना काढून टाकलें. त्यांचा अपराध एवढाच कीं, त्या ज्यू होत्या. स्टीव्हन्सनें धन्याची आज्ञा म्हणून ती निमूटपणें बजावली. मिस केंटन संतापली. आपणहि नोकरी सोडून जाऊं असें म्हणाली. परंतु जाण्यास तिला दुसरें घर नव्हतें, आणि आपण भ्यालों याची लाज तिच्या मनांत राहिली. पुढें धन्याला पश्चात्ताप झाला, तेव्हां आपल्यालाहि त्या वेळीं फार वाईट वाटलें होतें असें स्टीव्हन्स सहज बोलून गेला. तें तेव्हांच कां सांगितलें नाहीं, असें तिनें कळवळून विचारलें. त्या एका शब्दानें तिला केवढा आधार मिळाला असता! या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आतां त्या चुकीच्या नोंदीकडे वळूं. प्रवासांत स्टीव्हन्सला एक चित्र वारंवार आठवतें. वाड्याच्या मागच्या बोळांत, मिस केंटनच्या खोलीच्या बंद दारापुढें तो उभा आहे. आंत ती रडत आहे अशी त्याची खात्री झाली आहे. आणि दार ठोठावावें कीं नाहीं, हें त्याला ठरवितां येत नाहीं. प्रथम तो सांगतो कीं, आईच्या ठिकाणीं असलेली मावशी वारल्याची वार्ता तिला कळली त्या दिवसाची ही गोष्ट. पुढें त्यालाच शंका येते. ही आठवण त्या दिवसाची नसून कांहीं महिन्यांनंतरच्या एका रात्रीची आहे, असें तो कबूल करतो. त्या रात्रीं मिस केंटननें बेन नांवाच्या गृहस्थाची मागणी स्वीकारल्याचें त्याला सांगितलें होतें, आणि त्यानें कोरडें अभिनंदन करून पाहुण्यांकडे परत जाणें पत्करलें होतें.

ही चूक साध्या विसरभोळेपणाची नव्हे. मावशीच्या मृत्यूबद्दल ती रडली असेल, तर त्यांत स्टीव्हन्सचा दोष नव्हता. पण त्या दुसऱ्या रात्रीच्या अश्रूंचें कारण तो स्वतःच होता. म्हणून स्मृतीनें तें रडणें निर्दोष दिवसाच्या खातीं टाकलें. चूक दुरुस्त करितांना त्याच्या तोंडून पश्चात्तापाचा शब्दहि निघत नाहीं. तरी ती दुरुस्ती हाच त्याचा कबुलीजबाब आहे.

लॉर्ड डार्लिंग्टन यांचा पश्चात्ताप सार्वजनिक स्वरूपाचा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशीं उदारपणानें वागावें, अशा सद्हेतूनें त्यांनीं आरंभ केला आणि अखेर ते नाझींच्या हातांतलें बाहुलें बनले. युद्धानंतर अब्रुनुकसानीचा दावा हरून ते खचून गेले. त्यांच्या थोरवीवर ज्याचें आयुष्य उभें, तो स्टीव्हन्सहि प्रवासांत परक्यांसमोर त्यांची ओळख नाकारतो. येथेंहि आठवणीपेक्षां नाकारणेंच अधिक बोलकें ठरतें.

शेवटीं कॉर्नवॉलमध्यें दोघांची भेट होते. मिस केंटन आतां मिसेस बेन आहे. ती नवऱ्याकडे परत गेली आहे, आणि मुलीला मूल होणार म्हणून आनंदांत आहे. बसची वाट पाहतांना ती शांतपणें सांगते कीं, आपण स्टीव्हन्सबरोबर जें आयुष्य घालविलें असतें त्याचा विचार कधींकधीं मनांत येतो. पण अखेर आपलें स्थान नवऱ्यापाशींच आहे. तिनें पश्चात्ताप शब्दांत मांडला, म्हणून तो तिला बाजूला ठेवतां आला. स्टीव्हन्स मात्र हंसून चार रीतीचे शब्द बोलतो. आपलें काळीज विदीर्ण झालें, हें तो वाचकाला सांगतो, तिला नाहीं.

वेमथच्या धक्क्यावर संध्याकाळीं दिवे लागतात तेव्हां एका अनोळखी माणसापाशीं तो प्रथमच मोकळा होतो. धन्यानें चुका केल्या, पण त्या निदान स्वतःच्या तरी होत्या. आपण केवळ विश्वास ठेवला, तेव्हां यांत कसला आब, असें म्हणून तो रडूं लागतो. तो सोबती त्याला रुमाल देतो आणि संध्याकाळ हीच दिवसाची उत्तम वेळ असल्याचें सांगतो. स्टीव्हन्स डोळे पुसतो व नव्या धन्याला थट्टामस्करी आवडते म्हणून ती शिकण्याचा निश्चय करतो. हा उरलेल्या दिवसाचा सदुपयोग म्हणावा, कीं पुन्हां जुन्याच चाकरीकडे वळणें म्हणावें, याचा निवाडा कादंबरीकारानें वाचकावर सोपविला आहे. परंतु बंद दारापुढें थबकलेल्या माणसाचें तें चित्र पुस्तक मिटल्यावरहि डोळ्यांपुढून हलत नाहीं. कारण एखादें न ठोठावलेलें दार बहुतेकांच्या आठवणींत असतें, आणि त्याची तारीखहि पुष्कळदां चुकीचीच लिहिलेली असते.