मधुमेह आणि दृष्टिपटल

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस असणारा, प्रकाश टिपून त्याचे संदेश मेंदूकडे धाडणारा पातळ पडदा म्हणजे दृष्टिपटल. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन रक्त व द्रव पाझरू लागतो. हा द्रव वाचनास आवश्यक अशा मध्यभागी, म्हणजे पीतबिंदूशी, साचल्यास नजर धूसर होते. वाहिन्या बंद पडून प्राणवायू कमी पडल्यास तेथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. आरंभी मात्र ना दुखते, ना दिसण्यात फरक पडतो, हीच या विकाराची लबाडी. म्हणून चष्म्याचा नंबर तपासून समाधान मानणे पुरेसे नव्हे, तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि पुढे सहसा दरवर्षी, थेंब घालून बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासावे लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवर अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काटेकोर साखरनियंत्रणाने हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाबही आटोक्यात हवा. लेझर आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने हानी रोखतात, परंतु गेलेली नजर पूर्ण परततेच असे नाही. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वा जाळी तरंगू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.