गोष्टीचे पहिले वाक्य

माझी सारी नोकरी बँकेत गेली. बँकेतील टिपणाचा आरंभ ठरलेला असतो: संदर्भ, दिनांक, विषय. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही आणि तिचा जाच माझ्या नातीला झाला.

नात लातूरला चौथीत शिकते. सुटीत ती नांदेडला आमच्याकडे आली असता तिने आपल्या लातूरच्या आजीची, म्हणजे आमच्या विहीणबाईंची, गोष्ट लिहावयास घेतली. विहीणबाई किल्लारी परिसरातील. पहिले वाक्य होते, "आमची आजी अजूनही दाराशीच अंथरूण घालते." मी ते खोडले व सुचविले, "३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी येथे भूकंप झाला." नातीने ते निमूटपणे उतरवून घेतले आणि वही मिटली. दोन दिवस ती उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी मला चूक उमगली. माझे वाक्य अचूक होते, परंतु त्यात विचारण्याजोगे काही उरले नव्हते. तिच्या वाक्यात मात्र प्रश्न होता: दाराशीच का? उत्तरासाठी वाचकाला त्या पहाटेपर्यंत जावेच लागते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली गावे, चारच्या सुमाराचा धक्का, दगडमातीच्या भिंती, जड माळवदे आणि सुमारे दहा हजार मृत्यू.

आपल्या जुन्या कथाकारांना हे मर्म ठाऊक होते. पंचतंत्राचा आरंभ एका अडचणीने होतो. राजाचे तिन्ही पुत्र मंदबुद्धी, आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करतो. पहिल्या तंत्रात तर सिंह व बैल यांची मैत्री कोल्ह्याने मोडली, हे आरंभीच सांगून टाकले आहे. तरीही आपण वाचतो, कारण 'कशी मोडली?' हे कळावयाचे असते. याच ग्रंथाची 'पंचाख्यानक' ही आवृत्ती पूर्णभद्र या जैन मुनींनी इ. स. ११९९ मध्ये सिद्ध केली.

पालकांनी घरी एवढेच करावे. मुलाला लिहिण्यापूर्वी गोष्ट तोंडी सांगू द्यावी. ज्या वाक्याशी आपल्या तोंडून सहज 'मग?' निघेल, तेथून लेखन सुरू करावयास सांगावे. 'एक होता राजा' यालाही नाके मुरडू नयेत. मात्र पुढच्याच वाक्यात राजाची अडचण यावी. लिहून झाल्यावर पहिली दोन वाक्ये हाताने झाकून वाचावे. पुष्कळदा खरी गोष्ट तिसऱ्या वाक्यापासून सुरू होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शेवटी पाहाव्यात, आरंभी नव्हे.

मी नातीपाशी चूक कबूल केली आणि माझे वाक्य स्वहस्ते खोडले. तिने आपले वाक्य पुन्हा लिहिले. माझी तारीखही तिने टाकून दिली नाही. चौथ्या ओळीत घेतली. वाचकाला ती तेथेच हवी होती.